“ह्यांना गोळीच सूट होईना”

परभणी जिल्ह्यातले ४८ वर्षांचे शेतकरी. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) चार महिने झोप नाही, जेवणावर वासना नाही, कापूस वेचणीला आला तरी शेताकडे फिरकले नाहीत. सोबतच्या पत्नीने बसल्या बसल्या सांगून टाकलं, “ताई, दोन डॉक्टर झाले, दोन गोळ्या झाल्या. ह्यांना गोळीच सूट होईना. पुण्याचं पोरगं म्हणायलंय, थुंकी तपासली की कोणती गोळी लागू पडंल ते कळतंय. करावं का?”

पहिल्या भेटीत त्याआधीचं एक काम उरकलं. जगणं नकोसं वाटतं का, हे थेट विचारलं आणि फवारणीचं औषध भावकीत दुसऱ्याच्या घरी ठेवायला लावलं. रात्री-अपरात्री बोलावंसं वाटलं तर टेली-मानसचा १४४१६ हा नंबर दिला.

दुसऱ्या भेटीला घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणायला सांगितल्या होत्या. दोन्ही औषधं नैराश्याची, दोन्ही स्ट्रिपा दहा-दहा गोळ्यांच्या. एस्सिटालोप्राम १० मिलिग्रॅमच्या स्ट्रिपमध्ये चार गोळ्या शिल्लक, सर्ट्रालिन ५० च्या स्ट्रिपमध्ये एक. म्हणजे पहिलं औषध सहा दिवस, दुसरं नऊ दिवस. मळमळायला लागलं की बंद. ही मळमळ बहुतेकांची एक-दोन आठवड्यांत ओसरते, पण मन सावरायला चार ते सहा आठवडे लागतात. त्रास सगळा सोसून झाला आणि गुण यायच्या आतच औषध सुटलं. याला ‘सूट झालं नाही’ म्हणता येत नाही.

पिशवीच्या तळाशी गॅसची गोळी निघाली. ओमेप्राझोल, मेडिकलवरून आणलेली, वर्षभर रोज उपाशीपोटी. ही गोळी कुणी औषधात धरतच नाही, म्हणून डॉक्टरांनाही सांगितलेली नसते. एस्सिटालोप्राम मोडण्याचं मोठं काम यकृतातलं सीवायपी२सी१९ नावाचं एन्झाइम करतं. काहींचं ते जन्मतःच मंद असतं (भारतीयांत असे लोक विरळ नाहीत). मग औषध रक्तात साठतं आणि त्रास वाढतो. ओमेप्राझोल नेमकं हेच एन्झाइम अडवतं, त्यामुळे एस्सिटालोप्रामची पातळी साधारण ५० टक्क्यांनी चढते. जनुक चांगलं असलं तरी हे होतं, आणि थुंकीच्या तपासणीत फक्त जनुकं पाहतात, म्हणून रिपोर्टमध्ये ते दिसत नाही.

मुलाशी फोनवर हेच बोलणं झालं. ही तपासणी खोटी नाही. शरीर औषध किती वेगाने मोडतं, म्हणजे डोस कमी हवा की जास्त, हे ती सांगते. कोणत्या गोळीने मन उभारी धरेल, हे सांगत नाही. अमेरिकेत २०२२ साली सुमारे १,९०० माजी सैनिकांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तपासणी करून औषध दिलेल्यांना, ती न करता दिलेल्यांपेक्षा, सुरुवातीला थोडा जास्त फायदा दिसला, पण २४ आठवड्यांनी दोन्ही गटांत ठळक फरक उरला नाही. पुरेसा डोस सहा आठवडे घेऊनही दोन औषधं फसली, किंवा अगदी लहान डोसवरही फार त्रास झाला, तर मानसोपचारतज्ज्ञांना विचारून ही तपासणी जरूर करावी. रिपोर्टमध्ये सीवायपी२सी१९ आणि सीवायपी२डी६ (औषधं मोडणारं असंच दुसरं एन्झाइम) यांचे निकाल स्पष्ट लिहिलेले हवेत. रिपोर्टमध्ये औषधांपुढे दिलेले नुसते लाल-हिरवे रंग पाहून कुणीही गोळी बदलू नये. चालू गोळी एकदम बंद केली तर चक्कर, बेचैनी येते, ते वेगळंच.

मग एका कागदावर लिहून दिलं: कोणती गोळी, किती दिवस, काय त्रास, गॅसची गोळी कधीपासून. तो पाहून मानसोपचारतज्ज्ञांनी ओमेप्राझोल थांबवून पॅन्टोप्राझोल दिलं, थायरॉइड आणि बी१२ तपासलं, एस्सिटालोप्राम जेवणानंतर ५ मिलिग्रॅमने सुरू करून आठवड्याने १० केलं. मळमळ पाचव्या दिवशी आलीच. पण या वेळी ती येणार हे दोघांनाही माहीत होतं. पत्नी स्ट्रिपच्या मागे पेनाने तारखा लिहीत गेली.

सहाव्या आठवड्यात नैराश्याच्या प्रश्नावलीचा स्कोअर १८ वरून ९ वर आला. “झोप लागायली,” एवढंच ते बोलले. तूर घेऊन मोंढ्यावर मात्र स्वतः जाऊन आले होते.