पहिली टॉर्च एलईपी नको

एलईपी, म्हणजे लेझरने फॉस्फर उजळवून अरुंद, लांब झोत टाकणारी टॉर्च, घ्यायची तर जरूर घे, पण रात्री हरिहर गड चढायला ती एकटीच नेऊ नकोस. तिथल्या उभ्या कातळपायऱ्यांवर दोन्ही हात खोबणीत लागतात. डोक्याला एलईडीचा हेडलँपच हवा, तोही पसरट उजेडाचा.

एलईपीतून लेझर बाहेर येतो, हा गैरसमज आधी काढून टाक. आत साधारण ४५० नॅनोमीटरचा निळा लेझर फॉस्फरच्या ठिपक्यावर पडतो. फॉस्फर त्यातला बराचसा प्रकाश पिवळा करून सोडतो, उरलेला निळा त्यात मिसळतो आणि आपल्याला पांढरा दिसतो. पांढऱ्या एलईडीतही हेच घडतं. फरक आहे तो उगमाच्या आकाराचा. इथे उजळणारा ठिपका इतका बारीक, की छोटंसं भिंगसुद्धा त्याचा जवळपास समांतर झोत करतं. म्हणून चारपाचशे लुमेनची (लुमेन म्हणजे एकूण प्रकाश) एलईपी हजारो लुमेनच्या एलईडीपेक्षा लांब पोचते.

दुकानात कँडेला, म्हणजे झोताची तीव्रता विचार. वर्गमूळ काढून दुप्पट कर, तेवढे मीटर पल्ला. १० लाख कँडेला म्हणजे २००० मीटर. पण त्या टोकाला पडणारा उजेड फक्त ०.२५ लक्स (लक्स म्हणजे पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचं माप), पौर्णिमेच्या चांदण्याइतका. नीट दिसायला निम्मं अंतर धर.

दरीपलीकडचा कडा न्याहाळायला, लांबच्या गटाला खूण द्यायला एलईपीसारखं काही नाही. श्रावणात अंजनेरीवर ढग उतरले की मात्र समोर नुसता पांढरा खांब दिसतो. आणि झोत कुणाच्या डोळ्यांवर, गाड्यांवर कधीच मारायचा नाही.