दाराबाहेरची ताटली

न्यू जर्सीतल्या एडिसनहून एका ताईंचं पत्र आलंय. मुलगा चौदा वर्षांचा. दोन महिने शाळेला दांड्या, रात्रभर जाग, खोलीचं दार बंद. दाराबाहेर ठेवलेली ताटली संध्याकाळी जागच्या जागी, थालीपिठावरचं लोणी विरघळून पुन्हा थिजलेलं. परवा आजीनं दार वाजवलं तर आतून काहीतरी भिंतीवर आपटलं. ‘हे म्हणतात, वयच तसं आहे, मंडळात कुणाला कळू देऊ नकोस. मी पोलिसांना बोलवू का?’

ताई, कुणाच्या जिवाला धोका असेल किंवा त्यानं गोळ्याबिळ्या काही घेतलं असेल, तर लगेच ९११. एरवी न्यू जर्सीत आणखी एक दार आहे. व्हिसाचे सगळे नियम तोंडपाठ असलेल्या आपल्या मंडळींना ते सहसा माहीत नसतं. १-८७७-६५२-७६२४ हा मुलांच्या मानसिक आरोग्यासाठी राज्यानं चालवलेल्या सेवेचा नंबर, २१ वर्षांखालच्यांसाठी, दिवसरात्र सुरू. फोनवर ‘मोबाइल रिस्पॉन्स’ हवाय म्हणून सांगा. साधारण तासाभरात या कामात शिकलेलं माणूस घरी येतं. पहिले तीन दिवस प्रसंग निभावण्याचे. मग लागलं तर आठ आठवड्यांपर्यंत साथ, आणि पुढच्या थेरपीची सोय लावण्यात मदत. ते येणार म्हणून घर आवरत बसू नका.

आजींना किंवा तुम्हाला मराठीतूनच बोलायचं असेल तर दुभाषी मागा. मुलाला मध्ये घालू नका. सरकारी पैसा घेणाऱ्या आरोग्यसेवांना, अगदी आणीबाणी सोडली तर, लहान मुलांकडून भाषांतर करून घेण्याची कायद्यानंही मनाई आहे. आपल्याच दुखण्याचं भाषांतर आईसाठी करताना मूल निम्मं गाळतं.

शाळेला फोन नको, लेखी कळवा. चाइल्ड स्टडी टीमकडून, म्हणजे मुलाला शिकताना कुठली खास मदत लागते ते पाहणाऱ्या शाळेच्या तज्ज्ञांकडून, तपासणी हवी असं लिहून दिलंत की सुट्ट्या वगळून २० दिवसांत शाळेला बैठक घ्यावी लागते.

आता अवघड भाग. त्याला सरळ विचारा, ‘जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटतं का?’ विचारल्यानं ते डोक्यात शिरतं ही समजूत चुकीची आहे. उलट आई हे ऐकू शकते, हे त्याला कळतं. आणि कॉस्टकोतून आणलेली टायलेनॉलची (म्हणजे पॅरासिटामॉलची) मोठी बाटली, आजींच्या बीपीच्या गोळ्या, सगळं आजच कुलपात. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका, ९८८ ही आत्महत्येचे विचार येणाऱ्यांसाठीची हेल्पलाइन लावा. जुलै २०२२ पासून हा नंबर अमेरिकेत सगळीकडे चालतो, म्हणजे इतर राज्यांतल्या वाचकांनीही लिहून ठेवावा. मुलं बोलण्यापेक्षा मेसेज पसंत करतात, तोही चालतो.

यजमानांचं एका बाबतीत पटतं मला: मंडळाच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर हे टाकू नकाच, दहा मिनिटांत अश्वगंधेपासून कुलदैवतापर्यंत सगळं येईल. पण एका मैत्रिणीला सांगा. तिच्याकडून सल्ला नको, मंगळवारचा डबा आणि धाकटीला क्लासला ने-आण एवढंच मागा. ती आनंदानं करेल.

आणि आजींना म्हणावं, ताटली ठेवताना शाळेचा विषय नको. ‘बाळा, थालीपीठ ठेवलंय’, बस.