वाचकांचे प्रश्न : खेळाडू, मैदान आणि कॅमेरा

क्रीडा छायाचित्रणाविषयी आलेल्या बहुतेक पत्रांत एकच इच्छा डोकावते : वानखेडेच्या सीमारेषेपाशी कॅमेरा घेऊन बसायला मिळावे. ही इच्छा गैर नाही. मात्र तिथवर पोहोचण्याचा रस्ता लेन्सच्या दुकानातून जातो, ही समजूत चुकीची असल्याने पुढील उत्तरांत तिच्यावर थोडे अधिक लिहावे लागले आहे.

प्रश्न : मी लग्नसमारंभांची छायाचित्रे काढतो. माझ्याकडे क्रॉप (म्हणजे लहान आकाराच्या) सेन्सरचा कॅमेरा आणि ७०-३०० मिलिमीटरची लेन्स आहे. आयपीएलसाठी पास कसा मिळवावा आणि त्यासाठी कर्ज काढून मोठी लेन्स घ्यावी का? (एक वाचक, इचलकरंजी)

कर्ज काढू नये. क्रिकेटसाठी वापरली जाणारी ४०० मिलिमीटर, एफ २.८ (एफचा आकडा जितका लहान, तितके लेन्सचे तोंड मोठे) ही नवी लेन्स दहा लाख रुपयांच्या घरात किंवा त्याहून वर जाते, आणि ती हातात असली तरी प्रवेशद्वारावरचा सुरक्षारक्षक तिच्याकडे पाहून आत सोडत नाही. पास साधारणपणे वृत्तपत्र, वृत्तसंस्था किंवा छायाचित्रसंस्था यांच्या नावे मागितला जातो आणि संस्था आपल्या माणसाचे नाव कळवते. ऑलिंपिकमध्येही छायाचित्रकारांचे पास त्या त्या देशाच्या ऑलिंपिक समितीमार्फत वाटले जातात. भारतात हे काम भारतीय ऑलिंपिक संघटनेकडे असते. म्हणजे आधी कोणाचे तरी प्रतिनिधी व्हावे लागते.

मैदानात कोणाला घ्यायचे हे आयोजक ठरवतो, हे मोठ्या संस्थांनाही कळून चुकले आहे. २०१२ साली इंग्लंडचा संघ भारतात आला, तेव्हा क्रिकेट नियामक मंडळाने गेटीसारख्या छायाचित्रसंस्थांना प्रवेश नाकारला, आणि त्याच्या निषेधार्थ रॉयटर्स, एएफपी व एपी या वृत्तसंस्थांनी दौऱ्याचे वार्तांकन थांबवले. जिथे त्यांचे चालले नाही, तिथे एकट्यादुकट्याने दारात उभे राहून काय साधणार?

आपण इचलकरंजीत राहता, ही मात्र मोठी जमेची बाजू आहे. कोल्हापूरचे खासबाग मैदान जवळ आहे, जत्रा-यात्रांतील कुस्त्यांची मैदाने तर गावोगाव भरतात, आणि तिथे आयोजकांशी दोन शब्द नीट बोलल्यास हौद्याच्या, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या आखाड्याच्या, कडेला जागा मिळते. या मैदानांत लहान कुस्त्या दुपारी लागतात आणि मोठ्या दिवस कलल्यावर, म्हणजे नेमका प्रकाश उतरत असताना. आपल्या लेन्सचे तोंड ३०० मिलिमीटरला एफ ५.६ च्या आसपास असणार. त्याऐवजी ८५ मिलिमीटर, एफ १.८ ची साधी लेन्स घेतल्यास सेन्सरवर सुमारे दहापट प्रकाश येतो, आणि हौद्याच्या कडेवरून ती लांबी पुरेशी असते. लेन्स बदलायचीच असेल तर हौद्यापासून दूर जाऊन बदलावी, कारण पैलवानांनी उधळलेली तांबडी माती सेन्सरवर बसली की पुढची सर्व छायाचित्रे ठिपक्यांची होतात.

कुस्तीतला डाव ओळखता येत नसेल, तर कॅमेरा सेकंदाला वीस छायाचित्रे काढणारा असला तरी उपयोग होत नाही. ढाक हा डाव लागणार हे पैलवानाच्या खांद्याच्या हालचालीवरून आधी कळले, तरच त्या बाजूला सरकता येते. चितपट झाल्याचे छायाचित्र दोन्ही खांदे मातीला टेकलेले दाखवीत नसेल, तर वृत्तसंपादकाच्या दृष्टीने ते केवळ दोन माणसांच्या झटापटीचे छायाचित्र असते. एखादे वर्ष असे काम करून, प्रत्येक छायाचित्राखाली दोन्ही पैलवानांची नावे, गाव, मैदान आणि तारीख अचूक लिहून जिल्हा वृत्तपत्राकडे पाठवावे. अचूक फोटोओळी लिहून त्याच संध्याकाळी काम पाठवणारा माणूस संपादकांना हवाच असतो. मोठी लेन्स एखाद्या सामन्यापुरती लागली, तर ती भाड्याने मिळते.

प्रश्न : क्लबच्या क्रिकेट सामन्यांत दुपारनंतर फलंदाजाचा चेहरा काळा येतो. मी नेहमी साइटस्क्रीनच्या बाजूला बसतो. जागा चुकते की सेटिंग? (एक वाचक, नाशिक)

बहुधा जागा. क्रिकेटची खेळपट्टी साधारणपणे उत्तर-दक्षिण आखलेली असते, जेणेकरून सूर्य फलंदाजाच्या थेट डोळ्यांत येऊ नये. उजव्या हाताचा फलंदाज उत्तरेच्या टोकाला उभा असेल, तर त्याचा डावा खांदा दक्षिणेला आणि छाती पश्चिमेला असते. त्यामुळे दुपारचा सूर्य त्याच्या तोंडावर पडतो. तोच फलंदाज दक्षिणेच्या टोकाला गेला की पश्चिमेला त्याची पाठ होते आणि हेल्मेटच्या जाळीआडचा चेहरा अंधारात जातो. म्हणून दुपारी उत्तर टोकाच्या उजव्या फलंदाजासाठी नैर्ऋत्येला, लाँग ऑफच्या बाजूला सीमारेषेबाहेर बसावे : सूर्य आपल्या पाठीशी राहतो, कव्हर ड्राइव्ह मारताना फलंदाज आपल्याकडे वळतो. डावरा फलंदाज आला की हे सारे गणित उलटते, आणि षटक बदलले की टोकही बदलते. प्रत्येक षटकाला धावपळ करण्यापेक्षा त्या दिवशी कोणत्या फलंदाजाचे छायाचित्र हवे आहे हे आधी ठरवून एका जागी चिकटून राहावे, असे माझे मत आहे.

जागेत नशिबाचाही भाग असतो, हे मान्य केले पाहिजे. १९६५ साली अमेरिकेतील लुइस्टन येथे मुष्टियुद्धाच्या लढतीत मुहम्मद अली खाली पडलेल्या सनी लिस्टनवर ओरडत उभा असल्याचे नील लायफर यांचे छायाचित्र जगभर गाजले. त्याच छायाचित्रात अलीच्या दोन पायांच्या मधोमध पलीकडच्या बाजूचा एक छायाचित्रकार दिसतो. ते हर्ब शार्फमन, लायफर यांच्याच ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’ या नियतकालिकाचे ज्येष्ठ छायाचित्रकार. त्यांच्या वाट्याला अलीची पाठ आली. पण लायफर यांच्या बाजूने घटना घडली तेव्हा ते तयार होते, हेही तितकेच खरे.

प्रश्न : बंदिस्त सभागृहातील कबड्डीची छायाचित्रे एक उजळ, एक पिवळट, एक काळी अशी येतात. फ्लॅश वापरावा का? (एक वाचक, नागपूर)

फ्लॅश मुळीच नको. चढाई करणाऱ्याचे डोळे दिपले तर दुखापत होऊ शकते, आणि पंच आपल्याला बाहेर काढतील ते योग्यच ठरेल. हा दोष दिव्यांचा आहे. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असल्याने जुन्या पद्धतीचे दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात, आणि सेकंदाच्या हजाराव्या भागात उघडमीट करणारे शटर त्या चढउताराचा कधी वरचा, कधी खालचा तुकडा पकडते. कॅमेऱ्यात हा चढउतार (फ्लिकर) टाळण्याची सोय असल्यास ती सुरू करावी, म्हणजे दिवा सर्वाधिक प्रखर असतानाच शटर उघडेल. एलईडी दिवे किंवा जाहिरातफलक असतील, तर इलेक्ट्रॉनिक शटरऐवजी यांत्रिक शटर वापरून पाहावे. अशा दिव्यांमुळे छायाचित्रावर उमटणारे आडवे पट्टे बरेच कमी होतात. शटर सेकंदाच्या १/८०० आणि आयएसओ (प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) ३२०० ते ६४०० ठेवण्यास घाबरू नये. दाणेदार छायाचित्र छापता येते, हललेले छापता येत नाही.

बसण्याविषयी एक सूचना. चढाईला निघालेल्या खेळाडूचा चेहरा बचाव करणाऱ्या संघाच्या अंतिम रेषेमागून दिसतो. पण पकड झाल्यावर तो मध्यरेषेकडे झेपावतो, तेव्हा त्याचे तोंड स्वतःच्या अंगणाकडे असते. खेळातील सर्वांत बोलके छायाचित्र हेच असल्याने चढाईपटूच्या अंगणामागचा कोपरा पकडावा. अंतिम रेषेमागची मधली जागा बाद खेळाडूंच्या बसण्यासाठी असते, ती अडवू नये.

प्रश्न : एका क्लबने मानधन देऊन मला स्पर्धेची छायाचित्रे काढायला बोलावले. त्यांतील एका खेळाडूचे छायाचित्र नंतर प्रायोजकाच्या फलकावर झळकले. मला ना नाव मिळाले, ना पैसे. दाद मागता येईल का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर आपल्याला आवडणार नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार कोणाच्या सांगण्यावरून आणि मोबदला घेऊन काढलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, ते काढायला सांगणारा असतो. म्हणजे आपल्या प्रकरणात क्लब. आपण स्वतःहून गेला असता आणि नंतर छायाचित्र विकले असते, तर हक्क आपला राहिला असता. वृत्तपत्राच्या नोकरीत काढलेल्या छायाचित्रांचा नियम आणखी वेगळा आहे : एरवी करार नसेल, तर ती वृत्तपत्रात वा नियतकालिकात छापण्याचा हक्क वृत्तपत्राच्या मालकाकडे जातो, पण अन्य बाबतींत तो छायाचित्रकाराकडे राहतो. नोकरीच्या पत्रावर सही करताना हा भाग न वाचणारे अनेक जण आहेत.

कलम ५७ मात्र आपल्या बाजूचे आहे. हक्क दुसऱ्याकडे गेला तरी ती कृती आपली आहे असे सांगण्याचा अधिकार निर्मात्याकडे राहतो, त्यामुळे नावासाठी क्लबला लेखी पत्र अवश्य पाठवावे. पुढच्या वेळी काम स्वीकारतानाच दोन ओळी लिहून घ्याव्यात : हक्क माझ्याकडे राहील, क्लबला छायाचित्रे स्वतःच्या प्रसिद्धीसाठी वापरता येतील, प्रायोजकाला हवी असल्यास वेगळा मोबदला. हक्क पूर्ण द्यायचा झाल्यास मुदत आणि प्रदेश नमूद करावा; काहीच न लिहिल्यास कायदा पाच वर्षे आणि भारत असे धरतो.

राहिला खेळाडू. बातमीसोबत त्याचे छायाचित्र छापणे आणि त्याच्या चेहऱ्यावर माल विकणे या भिन्न गोष्टी आहेत. जाहिरातीसाठी खेळाडूची स्वतंत्र परवानगी लागते, आणि तो अल्पवयीन असेल तर पालकांची. कॉपीराइट हाती आहे म्हणून ती परवानगी आपोआप मिळत नाही, हे क्लबच्याही ध्यानात आणून द्यावे.

प्रश्न : नामवंत खेळाडूचे व्यक्तिचित्र घ्यायला जेमतेम दहा मिनिटे मिळतात. काय करावे? (एक वाचक, पुणे)

खेळाडू येण्यापूर्वी दुसऱ्या कोणाला तरी त्या जागी उभे करून प्रकाश पूर्ण जुळवून ठेवावा. त्याच्यासमोर दिवे हलवत बसणे म्हणजे मिळालेली वेळ उधळणे होय. चषक हातात देऊन हसायला लावण्याचा मोह टाळावा. खेळाने शरीरावर काय केले आहे, ते पाहावे. पैलवानाचे मोडलेले कान एका बाजूने येणाऱ्या प्रकाशात ठळक दिसतात. नेमबाजाचा जाड, ताठ कोट आणि एका डोळ्यापुढची पट्टी पाहणाऱ्याला त्याच्या खेळाविषयी बरेच सांगून जाते. अर्थात एखाद्याला आपले कान दाखवायचे नसतील, तर आग्रह धरू नये.

प्रश्न : मला खेळाडूंपेक्षा मैदानांच्या वास्तूंची छायाचित्रे काढायला आवडतात. फातोर्डासारख्या स्टेडियमचे छायाचित्र विकता येते का? ड्रोन वापरता येईल का? (एक वाचक, पणजी)

वास्तूचे छायाचित्र काढून प्रसिद्ध करण्यास कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ ने मुभा दिली आहे. आत जाण्यासाठी मात्र स्टेडियमच्या व्यवस्थापनाची परवानगी लागते, आणि तिच्यात विक्रीचा स्पष्ट उल्लेख करून घ्यावा. फलकांवरील बोधचिन्हे चौकटीत ठळक येणार नाहीत, याचीही काळजी घ्यावी. सूर्यास्तानंतर आकाश निळे असतानाच दिवे लागलेले मिळाले, तर दोन्हींचा प्रकाश जुळतो. ही वेळ फार थोडी असल्याने वरच्या स्टँडमध्ये तिवई आधीच लावून ठेवावी.

ड्रोन नियम, २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमहून जड ड्रोन व्यावसायिक कामासाठी उडवायचा असल्यास नोंदणी आणि ड्रोन चालवण्याचे (रिमोट पायलट) प्रमाणपत्र दोन्ही आवश्यक आहेत, आणि ती जागा हिरव्या, पिवळ्या की लाल (म्हणजे उड्डाणावर कमी-अधिक निर्बंध असलेल्या) क्षेत्रात येते हे डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरील नकाशात आधी पाहावे लागते. सामन्याच्या दिवशी स्टेडियमवर ड्रोन नेण्याचा विचारच करू नये. रिकाम्या मैदानाचे छायाचित्र हवे असेल, तर सामना नसलेला दिवस निवडून स्थानिक पोलीस ठाण्याला लेखी कळवावे.