बी.लिब. करतेस आणि गावातल्या उद्योजकांच्या उपयोगी पडायचंय?

प्रश्न : मी बी.कॉम. झाले आहे. आता बी.लिब. (ग्रंथालयशास्त्राची पदवी) करतेय आणि सातारा जिल्ह्यातल्या एका ‘ब’ वर्ग तालुका वाचनालयात अर्धवेळ काम करते. बचत गटाच्या महिला, नवीन दुकान टाकणारी मुलं ‘धंद्याची काही माहिती मिळेल का’ असं विचारत येतात. परदेशातल्या ग्रंथालयांत यासाठी खास ग्रंथपाल असतात असं वाचलं. आपल्याकडे यात करिअर आहे का? की परदेशी जाऊनच शिकावं? आई म्हणते, त्यापेक्षा बी.एड. कर.

उत्तर :

आपल्या सार्वजनिक वाचनालयांत असं वेगळं पद नाही. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली वाचनालयांचे अ, ब, क, ड वर्ग आणि त्यांचं अनुदान ठरतं. ते ग्रंथखरेदी, मानधन आणि जागेचं भाडं यांतच संपतं, हे तू रोज बघतेसच. पण हे काम नीट येणाऱ्याला नोकरी मिळते ती दुसरीकडे : व्यवस्थापन संस्थांची ग्रंथालयं, विद्यापीठांमधली इन्क्युबेशन केंद्रं (नव्या उद्योगांना सुरुवातीला हात देणारी), मुंबई-पुण्यातल्या सल्लागार कंपन्यांचे आणि बँकांचे संशोधन विभाग. तिथे पदाचं नाव ‘रिसर्च असोसिएट’ किंवा ‘इन्फर्मेशन स्पेशालिस्ट’ असतं. जाहिरात शोधताना ‘ग्रंथपाल’ एवढाच शब्द टाकलास तर यातलं बरंचसं तुला दिसणारच नाही.

परदेशातलं चित्र तू वाचलंस ते खरं आहे. अमेरिकेत न्यूअर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाने १९०४ मध्येच व्यापाऱ्यांसाठी वेगळी शाखा काढली. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत २००६ पासून बिझनेस अँड आयपी (बौद्धिक संपदा) सेंटर आहे आणि लीड्स, मँचेस्टर, न्यूकॅसल अशा शहरांतल्या ग्रंथालयांतही त्याची केंद्रं आहेत. एरवी लाखाच्या घरात जाणारे बाजारपेठेचे अहवाल तिथे छोट्या उद्योजकाला फुकट वाचता येतात. मात्र सहसा ते वाचनकक्षातल्या संगणकावरच, कारण परवाना तेवढाच असतो. असे अहवाल तुझ्या वाचनालयाला परवडणार नाहीत. पण आलेल्या माणसाचा प्रश्न कोणत्या साधनाने सुटेल हे ओळखणं, ही खरी विद्या. ती इथे बसून शिकता येते.

समजा, बचत गटाला कांदा-लसूण मसाला बरणीत भरून विकायचाय. ‘मसाल्याची माहिती द्या’ म्हटलं की आपला हात लगेच गूगलकडे जातो. तो आवर. आधी त्यांनाच विचार : कुठे विकणार, महिन्याला किती किलो, नाव ठरलंय का, कर्ज काढायचंय का, आणि निर्णय कधी घ्यायचाय? पाच-सात मिनिटांत ‘माहिती’चे तीन-चार वेगळे प्रश्न होतात. ही पायरी गाळली की तू चाळीस पानं छापून देतेस आणि त्या महिला ती न वाचता घरी ठेवतात.

नावापासून सुरुवात कर, कारण लेबल छापून झाल्यावर नाव बदलणं महागात पडतं. ट्रेडमार्क (व्यापारचिन्ह) नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर शोध मोफत आहे. तिथे माल आणि सेवांचे एकूण ४५ वर्ग आहेत. मसाले ३० मध्ये येतात. उद्या गटाने लोणचं काढलं तर २९ बघावा लागेल, आणि स्वतःचं दुकान काढायचं असेल तर ३५ सुद्धा. इथे हमखास होणारी चूक म्हणजे ‘माउली’ हा शब्द ‘स्टार्ट्स विथ’ (या शब्दाने सुरू होणारी नावं) पर्यायात टाकून ‘मोकळं आहे’ म्हणणं. त्यात ‘श्री माउली’ सापडत नाही. म्हणून ‘कंटेन्स’ने (शब्द नावात कुठेही असला तरी) शोध, मग उच्चारावरून शोध, आणि रोमन लिपीतली स्पेलिंगं बदलून पुन्हा एकदा. एखाद्या जुन्या अर्जावर ‘ऑब्जेक्टेड’ (हरकत घेतलेला) असा शेरा दिसला म्हणजे तो अर्ज मेला असं नाही. तो अजून आडवा येऊ शकतो. शोध दाखव, छापून दे, पण ‘हे नाव घ्या’ असं तू म्हणायचं नाहीस. तो वकिलाचा प्रांत. सूक्ष्म आणि लघु उद्योगासाठी ऑनलाइन अर्जाचं शुल्क एका वर्गाला ४,५०० रुपये आहे, एवढं सांगायला हरकत नाही.

मग कच्चा माल. ॲगमार्कनेट या सरकारी संकेतस्थळावर बाजार समित्यांचे रोजचे भाव असतात, रुपये प्रति क्विंटल, किमान, कमाल आणि सर्वसाधारण. हिरवी आणि सुकी मिरची यांच्या नोंदी वेगळ्या आहेत. घाईत हिरवीचा भाव उचलला की सगळा हिशेब कोसळतो. एका दिवसाचा भाव कधीच देऊ नकोस. नवी सुकी मिरची साधारण जानेवारीपासून बाजारात येते, पावसाळ्यात चित्र निराळं असतं, तेव्हा निदान १२ महिन्यांचे भाव काढून दे. काही दिवस नोंदच नसते. तिथे शून्य न लिहिता रकाना रिकामा ठेव, नाहीतर सरासरी खोटी येते.

गिऱ्हाईक किती, हा सगळ्यात अवघड प्रश्न. गावनिहाय लोकसंख्या अजून २०११ च्या जनगणनेचीच वापरली जाते, म्हणून आकड्याशेजारी वर्ष लिहिल्याशिवाय कागद हातातून सोडू नकोस. जिल्ह्यासाठी अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचं ‘जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन’ बघ. त्यात तालुकावार तक्ते असतात. हे पुस्तक किती वाचनालयांत न उघडता पडून आहे! घरखर्चासाठी २०२३-२४ चं कुटुंब उपभोग खर्च सर्वेक्षण आहे, पण तो नमुना सर्वेक्षणाचा, म्हणजे निवडक घरांवरून काढलेला आकडा. त्याला तालुक्याच्या लोकसंख्येने गुणून ‘बाजारपेठ इतक्या कोटींची’ असं लिहिणं धाडसाचं. त्यापेक्षा तुमच्याच वाचनालयातल्या स्थानिक दैनिकांच्या फायली काढ. दिवाळीआधीच्या महिन्याच्या जाहिरातींत प्रतिस्पर्धी कोण आणि कुठे विकतात, हे कुठल्याही अहवालापेक्षा लवकर कळतं.

योजनांच्या बाबतीत सावध राहा, कारण इथे जुना कागद माणसाला खड्ड्यात घालतो. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांच्या केंद्रीय योजनेत ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदान ठरलं होतं. पण ती २०२० मध्ये पाच वर्षांसाठी सुरू झाली आणि मुदत नंतर २०२५-२६ पर्यंत वाढवली गेली. म्हणजे आधी मुदत तपासायची, मग टक्के सांगायचे. खादी ग्रामोद्योगाच्या नमुना प्रकल्प अहवालांतल्या यंत्रांच्या किमती अनेकदा जुन्या असतात. आराखडा तिथून घे, किमती तीन दुकानदारांच्या कोटेशनवरून. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) पूर्ण मोफत आहे. तिच्यासाठी पैसे मागणाऱ्या खासगी साइटी भरपूर आहेत, तेव्हा सरकारी पत्ता फलकावर मोठ्या अक्षरात लाव. अर्ज मात्र तू भरून देऊ नकोस. तुझ्या हाताने भरलेला अर्ज फेटाळला गेला की दोष वाचनालयावर येतो. त्यासाठी जिल्हा उद्योग केंद्र आहे.

आणखी एक मोह टाळ. विद्यापीठाचा लॉगिन वापरून उद्योजकाला सशुल्क डेटाबेसमधले लेख काढून देणं. ते परवाने शिक्षण-संशोधनापुरते असतात. भलं करायला जाशील आणि विद्यापीठाच्या नियमांत अडकशील.

आता तुझं. बी.लिब. पूर्ण कर आणि एम.लिब.ला जा. वाचनालयाच्या कार्यवाहांकडून आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी दोन तास, एक टेबल आणि एक संगणक मागून घे. एका वहीत चार रकाने आख : विचारलेला प्रश्न, खरा प्रश्न, कुठे सापडलं, किती वेळ लागला. विचारणाऱ्याचं नाव लिहू नकोस. शेजारच्या दुकानदाराने काय विचारलं हे गावात फुटलं की तुझ्याकडे कोणी येणार नाही. अशा ३० नोंदी झाल्या की मुलाखतीला न्यायला काहीतरी तयार झालं. सोबत एक्सेल पक्कं कर. नागपूरच्या राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्थेच्या प्रशिक्षणांवर लक्ष ठेव. बी.कॉम.मुळे ताळेबंद वाचता येतो, ही तुझी जमेची बाजू. ग्रंथालयशास्त्राच्या पुष्कळ मुलांना तो येत नाही.

परदेशाचा विचार एम.लिब. आणि दोन वर्षांच्या नोकरीनंतर कर. अमेरिकेतल्या ग्रंथपालाच्या नोकऱ्यांना बहुधा तिथल्या ग्रंथालय संघाने मान्यता दिलेली पदव्युत्तर पदवी लागते, म्हणजे खर्च आणि दोन वर्षं पुन्हा आलीच. आणि आईला सांग, बी.एड. वाईट नाही, पण शिक्षकभरतीची वाट बघणंही सोपं नाही. एम.लिब.नंतर नेट-सेट झालीस तर महाविद्यालयीन ग्रंथपालाचा रस्ताही उघडा राहतो. ही गोष्ट त्यांना कदाचित सगळ्यात पटेल.