जुनी लक्झरी ऑफ-रोडर: भंगार की क्लासिक?

प्रश्न: जुन्या लक्झरी ऑफ-रोड गाड्या कलेक्टर लोक घ्यायला लागलेत म्हणे, मग कुठलीही घेऊन ठेवली तर चालेल का?

उत्तर: कुठलीही नाही हो! सुरुवातीची, म्हणजे 1970 च्या दशकातली दोन दारांची रेंज रोव्हर, किंवा लॅम्बोर्गिनीच्याच काउंटाश या स्पोर्ट्स कारचं व्ही12 (12 सिलिंडरचं) इंजिन घातलेली लॅम्बोर्गिनी एलएम002 जी जेमतेम 300 च्या आसपास बनली, यांना मागणी आहेच. 2000 नंतरच्या एअर सस्पेन्शन (स्प्रिंगऐवजी हवेच्या पिशव्या) अन् ढीगभर इलेक्ट्रॉनिक्सवाल्या स्वस्तात मिळतात पण रिपेअरमध्ये खिसा रिकामा करतात, त्या क्लासिक होतील असं मला तरी वाटत नाही. आणि जुनी रेंज रोव्हर बघताना वरच्या चकचकीत पत्र्यावर जाऊ नका, तो बराचसा अ‍ॅल्युमिनियमचा, गंजतो आतला स्टीलचा सांगाडा, त्यामुळे गाडी उचलून खालून बघा मगच भावाचं बोला.