टाचेचं हाड वाढलंय, ते घासून काढल्याशिवाय दुखणं जाणारच नाही का?

तुम्ही विचारलंय की आईच्या एक्स-रेत टाचेचं हाड वाढलेलं दिसतंय, डॉक्टर म्हणतात ऑपरेशन करून घासून टाकू, तर करावं का. माझं उत्तर नाही, निदान एवढ्यात तरी नाही. आणि हे मी तावातावाने लिहितेय कारण याच गोष्टीवरून आमच्या घरात अजून धुसफूस चालू आहे.

आम्ही अमळनेरचे. माय चैत्रात पायी वणीच्या गडावर जाते, अख्ख्या खान्देशातून लोक जातात तशीच. एका वर्षी गडावरून आली आणि उजवी टाच धरली. सकाळी खाटेवरून पाय खाली टेकवला की अशी कळ की भिंत धरून चालायची, थोडं चाललं की मोकळं व्हायचं, दुपारी बसून उठली की पुन्हा तेच. मावशीने रुईची पानं तव्यावर गरम करून बांधली, शेकल्यावर बरं वाटायचं पण तेवढ्यापुरतं. दादा सुरतला असतो, तो तिला तिकडे घेऊन गेला, एक्स-रे काढला, त्यात टाचेखाली बाभळीच्या काट्यासारखं टोक. झालं, त्या फिल्मवरच सगळं ठरलं. "हे आतून टोचतंय, काढून टाकलं की विषय संपला," दादाचं म्हणणं. तारीखही घेऊन मोकळा.

अहो पण ते टोक कुठल्या दिशेला आहे ते तरी बघा ना. खाली जमिनीकडे नसतं, पुढे बोटांकडे असतं. पाय टेकवला की ते मांसात घुसतं हे आधी डोक्यातून काढा. मी मायला धुळ्याला एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे नेलं, त्यांनी टाचेच्या आतल्या बाजूला एका जागी अंगठा दाबला आणि माय ओरडलीच. म्हणाल्या, दुखणं इथल्या पट्ट्याचं आहे, प्लांटर फॅसियाचं, टाचेपासून बोटांपर्यंत तळव्याची कमान धरून ठेवणारा जाड पट्टा. वर्षभर घरात फरशीवर अनवाणी उभं राहायचं आणि मग एकदम रोज मैलोनमैल चालायचं, तो बिचारा किती ताण सोसणार. मग मी हट्टाने दुसऱ्या पायाचाही एक्स-रे काढायला लावला. डाव्या टाचेलाही तसंच हाड, उलट जरा मोठंच, आणि तो पाय मायचा कधी म्हणजे कधी दुखला नाही! दादाला फोटो पाठवला, त्यावर तो आजपर्यंत काही बोललेला नाही.

हे फक्त मायचंच नाही. अमेरिकेतली हाडांच्या सर्जनची मोठी संघटना आहे, अमेरिकन अकॅडमी ऑफ ऑर्थोपेडिक सर्जन्स, ते सांगतात की दर 10 माणसांत एकाला असं हाड असतं, पण असं हाड असलेल्या 20 जणांत जेमतेम एकाला दुखतं. आणि पट्ट्याच्या दुखण्याचे 90 टक्क्यांहून जास्त लोक साध्या उपायांनी 10 महिन्यांच्या आत सुधारतात. 10 महिने हं, 10 दिवस नाही, लोक तिथेच कंटाळतात आणि ऑपरेशनला तयार होतात.

मायने काय केलं, तर उठायच्या आधी खाटेवरच पायाची बोटं हाताने मागे ओढून धरायची, भिंतीला हात टेकून पोटरी ताणायची, आणि पुढे बाईंनी पायरीवर उभं राहून बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून टाचा सावकाश वर-खाली करायला लावल्या. सगळ्यात अवघड गेलं ते चप्पल. "चप्पल घालीसन सैपाक करू का? देव शेतस तठे!" शेवटी नवी कोरी एमसीआर चप्पल, म्हणजे मऊ रबरी तळाची, आणली, तिने अंगणसुद्धा पाहिलेलं नाही, ती फक्त घरातली. माझ्या मते निम्मा फरक त्या चपलेचा. दुखणं हळूहळू गेलं, मधे परत उचल खाल्ली, परत गेलं. आता ती गडावर जाते, पण महिनाभर आधीपासून चालणं वाढवत नेते.

दादाने नंतर पुन्हा एक्स-रे काढायला लावला आणि म्हणतो, हाड तर जागच्या जागी आहे, मग बरं कुठे झालं? अरे दादा, हेच तर मी सांगतेय! हाड तिथेच आहे आणि माय चालतेय, म्हणजे दुखत होतं ते हाड नव्हतं.

स्टेरॉइडचं इंजेक्शन सुचवतील, त्याने काही आठवडे आराम पडतो, पण सारखं सारखं घेऊ नका, पट्टा फाटू शकतो आणि टाचेची गादी झिजते.

आता हे सगळं पट्ट्याच्या दुखण्याचं झालं. आईला शुगर असेल, तळव्याला मुंग्या किंवा बधिरपणा असेल, टाच सुजलेली असेल, रात्री झोपेतही ठणकत असेल किंवा पडल्यानंतर दुखायला लागलं असेल तर माझं ऐकत बसू नका, नीट तपासून घ्या. तरुण माणसाच्या दोन्ही टाचा दुखत असतील आणि सकाळी कंबरही आखडत असेल तर तो संधिवाताचा प्रकार असू शकतो. ऑपरेशन कोणालाच लागत नाही असंही नाही, पण वर्षभर हे सगळं मनापासून करून झाल्यावर तो विचार करायचा. तुमच्या आईने यातलं काय काय केलंय ते लिहिलेलंच नाही तुम्ही, आणि दुसऱ्या पायाचा एक्स-रे काढलाय का?