अमेरिकेतली कॉलेजं खेळातून एवढा पैसा कशी कमावतात, आणि त्यातलं खेळाडूंना काय मिळतं?

तुम्ही विचारलंय की हा पैसा तिकिटांतून येतो की विद्यार्थ्यांच्या फीमधून. तिकिटं आहेत, माजी विद्यार्थ्यांच्या घसघशीत देणग्या आहेत, फीसुद्धा आहे (तिच्याकडे शेवटी येतो). पण गेल्या चाळीस वर्षांत सगळं बदललं ते टीव्हीमुळे. इथे फुटबॉल म्हणजे अर्थातच अमेरिकन फुटबॉल, हातात चेंडू घेऊन पळायचा.

आधी फुटबॉलच्या प्रक्षेपणाची दोरी एनसीएए या कॉलेज खेळांच्या शिखर संस्थेच्या हातात होती. मॅच घरबसल्या दिसली तर स्टेडियमला कोण येणार, ही भीती. म्हणून एका टीमला दोन वर्षांत जास्तीत जास्त सहा वेळा टीव्हीवर यायची मुभा. 1981 मध्ये एका वीकेंडला ओक्लाहोमा विरुद्ध यूएससी ही तगडी मॅच दोनशेहून जास्त स्टेशनांनी दाखवली, आणि सिटाडेल विरुद्ध ॲपलाचियन स्टेट फक्त चार स्टेशनांनी. पैसे मात्र चारही कॉलेजांना सारखेच! ओक्लाहोमा आणि जॉर्जिया ही विद्यापीठं कोर्टात गेली. 1984 मध्ये सुप्रीम कोर्टाने 7 विरुद्ध 2 मतांनी एनसीएएची ही मक्तेदारी मोडली. विरोधी मत लिहिलं न्यायमूर्ती बायरन व्हाइट यांनी. ते स्वतः एकेकाळी कोलोरॅडो विद्यापीठाचे गाजलेले फुटबॉलपटू. याकडे निव्वळ धंदा म्हणून बघू नका, असा त्यांचा सूर होता. माझ्या मते पुढे काय होणार हे त्यांना बरोबर दिसलं होतं.

त्यानंतर कॉलेजांचे गट, म्हणजे कॉन्फरन्स, स्वतःच चॅनेलांशी सौदे करू लागले. त्यातल्याच बिग टेन या कॉन्फरन्सने 2007 मध्ये फॉक्स या टीव्ही कंपनीच्या साथीने स्वतःचं चॅनेल काढलं. त्यांचा 2022 चा फॉक्स, सीबीएस आणि एनबीसीबरोबरचा करार सात वर्षांसाठी साधारण 7 अब्ज डॉलरचा आहे. नावात टेन असलं तरी आता त्यात 18 कॉलेजं आहेत. यूएससी आणि यूसीएलए ही लॉस एंजेलिसची कॉलेजं 2024 पासून त्यात खेळतात, आणि त्यांच्या गटात पार दुसऱ्या किनाऱ्यावरच्या न्यू जर्सीचं रटगर्स! पश्चिम किनाऱ्यावरची, शंभर वर्षांहून जुनी पॅक-12 ही कॉन्फरन्स या ओढाताणीत जवळजवळ संपली. पॅसिफिकच्या काठावरचं स्टॅनफर्ड आज अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये आहे. हे फुटबॉलच्या सौद्यांपायी झालं, पण आठवड्याच्या मधल्या वारी विमानात बसून असाइनमेंट लिहायची वेळ येते ती व्हॉलीबॉल आणि सॉफ्टबॉलच्या मुलींवर.

मॅच किती वाजता सुरू होणार हेही चॅनेलच ठरवतं, बऱ्याचदा बारा किंवा सहाच दिवस आधी. घड्याळाप्रमाणे खेळ साठ मिनिटांचा, पण जाहिराती धरून साडेतीन तास जातात.

एनसीएएचं स्वतःचं पोट भरतं ते मुख्यतः मार्च महिन्यातल्या पुरुषांच्या बास्केटबॉल स्पर्धेवर. मोठ्या कॉलेजांच्या फुटबॉलचा प्लेऑफ, म्हणजे विजेता ठरवणारे शेवटचे सामने, तिच्या हातात नाहीच. महिलांच्या बास्केटबॉलला ही मंडळी वर्षानुवर्षं दुय्यम समजत होती. 2024 मध्ये स्टार खेळाडू केटलिन क्लार्कची टीम आयोवा हरली तो अंतिम सामना सरासरी 1 कोटी 89 लाख लोकांनी पाहिला, पुरुषांच्या अंतिम सामन्यापेक्षा जास्त.

आता खेळाडू. शिष्यवृत्ती आणि राहणं-जेवणं सोडलं तर त्यांना बराच काळ अधिकृतपणे फारसं काही मिळत नव्हतं. प्रशिक्षकांचं बोलूच नका. टेक्सस ए अँड एमने 2023 मध्ये फुटबॉल प्रशिक्षक जिम्बो फिशरना घरी बसवण्यासाठी साडेसात कोटी डॉलरहून जास्त रक्कम कबूल केली. 1 जुलै 2021 पासून खेळाडूंना आपल्या नावावर, चेहऱ्यावर जाहिराती घेता येतात. जून 2025 मध्ये खेळाडूंनी एनसीएएवर केलेल्या दाव्यातली तडजोड न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी मंजूर केली. आधीच्या खेळाडूंना भरपाई म्हणून सुमारे 2.8 अब्ज डॉलर, आणि 2025-26 पासून प्रत्येक कॉलेजला खेळाडूंमध्ये थेट पैसे वाटायची मुभा, पहिल्या वर्षी साधारण 2 कोटी 5 लाख डॉलरपर्यंत. यातला मोठा वाटा फुटबॉल आणि पुरुष बास्केटबॉललाच जातो. एफ-1 या विद्यार्थी व्हिसावरच्या परदेशी खेळाडूंची मात्र पंचाईत आहे, कारण त्यांच्या कमाईवर इमिग्रेशनचे निर्बंध आहेत.

आणि फी. ओहायो स्टेटसारखी बडी कॉलेजं खेळाचा खर्च खेळातूनच काढतात. मधल्या आणि लहान सरकारी विद्यापीठांना टीव्हीचा एवढा पैसा मिळत नाही, म्हणून त्यांतली बरीच जण तो विद्यार्थ्यांच्या बिलातून वसूल करतात. तुमच्या घरचं कोणी तिथे शिकायला जात असेल तर बिलात ॲथलेटिक्स फी वेगळी दाखवलीय का ते बघा. कधी ती सरसकट स्टुडंट फीमध्ये मिसळलेली असते, मग विद्यापीठाकडे तपशील मागावा लागतो.